सुतकातली चूल

आगातिनाबाई काळ्या वेषातच आल्या. त्यांच्या नवऱ्याला, म्हाताऱ्या इन्यात्सियोला, पुरून तीनच दिवस झाले होते.

“मी भ्रमिष्ट झालेय का, तेवढं शोधून द्या,” त्या म्हणाल्या.

नुन्झिया काम्पीझी ही सिसिलीतल्या त्या डोंगरगावची एकुलती एक खासगी गुप्तहेर. तिचा सोबती कालोजेरो औषधं विकायचा. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश चालायचं. त्याला वाटलं, हे तर डॉक्टरचं काम.

गावचे सगळे झरे दाखवणारा जुना हस्तलिखित नकाशा इन्यात्सियोने मरताना गावाच्या नावे केला होता. तोच नाहीसा झाला होता. मिलानहून आलेला इन्यात्सियोचा भाचा फुल्वियो सांगत होता, की पुरून आल्यावर त्या संध्याकाळी बाईंनी तो रद्दीबरोबर जाळला. म्हातारीला चळ लागलाय म्हणून सोमवारी तो त्यांना वृद्धाश्रमात धाडणार होता. बाईंना काही आठवत नव्हतं. त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता.

नुन्झिया आणि कालोजेरो बाईंच्या घरी गेले. शेजारीण मेलिना मसुराच्या सुपाचं पातेलं फडक्यात बांधून आली होती. कॉफीही तिनेच आणली होती. झऱ्यावरून तिचं इन्यात्सियोशी जुनं भांडण होतं, त्यामुळे कालोजेरोचा संशय तिच्यावर गेला.

“नकाशा मला हवाच होता,” ती फणकारली. “पण म्हातारा गेल्यापासून मी रांधतेय की चोऱ्या करतेय?”

फुल्वियो मात्र ठाम होता. “डोळ्यांनी पाहिलं. ह्याच चुलीत. जाळ चांगला भडकला होता.”

नुन्झियाने कॉफी संपवली आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं.

“मेलिना, त्या संध्याकाळी ह्या धुराड्यातून धूर दिसला?”

“दिसला असता तर मी तीन दिवस पातेली वाहिली असती होय?”

“तेच. माणूस गेला की आपल्याकडे आठ दिवस घरात जाळ होत नाही. धूर निघाला असता तर अख्खी गल्ली भांडायला आली असती. फुल्वियो, तुम्ही शहरात वाढलात, म्हणून तुमच्या गोष्टीत चूल पेटली. मेलिनाने नकाशा चोरला असता, तर तो जळाल्याचं तुम्ही कशाला रचलं असतं? जळालेली वस्तू कुणी शोधत नाही. तुमची बॅग उघडा.”

कपड्यांखाली नकाशा होता. फुल्वियोची मान खाली गेली. मिलानमध्ये गिऱ्हाईक ठरलंय, असं तो पुटपुटला.

आगातिनाबाईंनी नकाशा कालोजेरोच्या हातात दिला, डोळे मिटले आणि खालच्या ओढ्यापासून शिखरापर्यंत एकेका झऱ्याचं नाव सांगायला सुरुवात केली. कालोजेरो बोटाने ताडून पाहत गेला. तेवीस झरे होते आणि एकही चुकला नाही.