अझाराला आलेला राग

अझारा फाटकातून आत शिरली आणि जागीच थांबली. भिंत पांढरी झाली होती.

काल संध्याकाळपर्यंत ती काळपट तपकिरी होती. पंचवीस वर्षांचा चुलीचा धूर, टेकून बसणाऱ्यांच्या पाठींचं तेल, मुलांचे हात... असं काय काय तिच्यात मुरलं होतं. तीन महिने वागादुगु शहराच्या गल्ल्या पायी पालथ्या घालून अझाराने ती सिनेमासाठी शोधून काढली होती. आणि आज एक तरुण शिडीवर उभा राहून, शीळ घालत, त्याच भिंतीवर चुन्याचा शेवटचा हात फिरवत होता. त्याच्या पापण्यांवरसुद्धा चुना होता.

"आधी खाली उतर," अझारा म्हणाली.

"उतरतो. पण हुकूम कोणाचा?"

"या सिनेमाचा कॅमेरा माझ्याकडे आहे. अझारा झुंग्राना."

आडनाव ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला. "मोसी! तरीच म्हटलं. मी बुरेमा तोए, तूगान गावचा सामो. म्हणजे तू माझी गुलामच की गं. गुलामाने मालकाला शिडीवरून उतरवायचं... जग बुडायला आलं म्हणायचं."

आता मोसी आणि सामो या दोन जमातींचं नातंच मुळी थट्टेचं. कधी काळी पूर्वजांनी लावून दिलेलं, मेव्हणा-मेव्हणीसारखं. सामोने मोसीला गुलाम म्हणावं, मोसीने सामोला. मयताच्या घरीसुद्धा एकमेकांची टर उडवावी. फक्त रागवायचं नाही. रागावला त्याची दोन पिढ्या छी-थू होते. त्यामुळे डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असलेल्या अझारालाही उत्तर देणं भागच होतं.

"तुझ्या आज्याला माझ्या आज्याने गाढवाच्या एका मुंडीवर विकत घेतला होता," ती म्हणाली. "आणि मुंडीही परत मागावी की काय, असं त्याला रोज वाटायचं."

बुरेमा इतका हसला की शिडी हलली. तेवढ्यात घराचे मालक, कूका आजोबा, इस्त्रीचा झगा घालून बाहेर आले. सगळं जग माझं घर बघणार, आणि पाहुण्यांपुढे काळी भिंत ठेवू? लोक काय म्हणतील? त्यांच्या तोंडावरून अभिमान ओसंडत होता. अझाराने गुडघा वाकवून त्यांचे आभार मानले, भिंत फार छान झाल्याचं सांगितलं, आणि विहिरीमागे जाऊन ती खालचा ओठ चावत उभी राहिली. हा तिचा पहिला सिनेमा. शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग याच भिंतीपुढे घ्यायचा होता, आणि त्याला आठ दिवस उरले होते.

बुरेमा तिच्या मागोमाग आला. पांढऱ्यात वाईट काय असतं, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. तिने त्याला हाताला धरून भिंतीपुढे उभं केलं, फोटो काढला आणि दाखवला. पांढऱ्याशुभ्र उजेडात एक काळा डाग, त्यात दोन डोळे.

"हा मी?"

"कॅमेऱ्याला एवढाच दिसतोस. पांढऱ्याने त्याचे डोळे दिपतात, मग माणूस हरवतो."

"मग सिनेमा सुंदर कधी दिसतो?"

अशा प्रश्नाचं उत्तर ती एरवी कोणाला देत नसे. पण आज तिने दिलं. "माणूस दिसला की. तुझ्या कपाळावर आत्ता निळं आहे, गालाच्या हाडावर तांबूस, मानेजवळ जांभळट. आपल्या कातडीत किती रंग असतात, आणि सिनेमात मात्र आपण नुसते काळे. ती भिंत अबिबूच्या तोंडावर ऊब टाकायची. कोणी चुलीशी बसलं की पडते ना, तशी."

अबिबू त्यांची नायिका. बुरेमाने नखाने भिंतीवरचा चुना खरवडून पाहिला. मग म्हणाला की, शेजारच्या देशात, आबिजानला, एका हॉटेलच्या रंगकामाला तो नवव्या दिवशी निघणार आहे. तोवर भिंत त्याची. कूका आजोबांना तो सांभाळून घेईल.

त्याने आजोबांना काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतःच चुना खरवडत बसले होते. बुरेमाने लाल माती चाळली, शेणात कालवली, नेरे नावाच्या झाडाच्या शेंगा मडक्यात उकळून त्यांचं चिकट तपकिरी पाणी काढलं. रोज सकाळी भिंतीवर हातभर रुंदीचा नवा पट्टा तयार असायचा. अझारा अबिबूला तोंडाला शियाच्या बियांचं लोणी चोळायला लावून त्या पट्ट्यापुढे बसवायची आणि कॅमेऱ्यातून बघायची. जानेवारीतली उत्तरेची धूळ सगळीकडे भरली होती. मलमल आड धरावी तसा सूर्य मऊ झाला होता. सगळं शहर खोकत होतं, पण अझाराला या दिवसांतला उजेड हवाच असायचा.

पहिला पट्टा फार लाल होता, दुसरा मेलेला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, याच्यात अजून थोडी भूक हवी. बुरेमा म्हणाला, मोसींना भुकेशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्याच दिवशी, ब्रश झटकता झटकता, तो म्हणाला, "तू आबिजानला चल माझ्याबरोबर. ब्रश धुवायला कोणीतरी लागेलच."

सगळे हसले. अझाराही हसली.

पण दुपारी अंबाडीचं सरबत पिता पिता तिला वाटलं, म्हणजे काय? ...नुसतीच थट्टा? सामो मोसीला हेच म्हणणार. उद्या हा चौकातल्या भजीवाल्या म्हातारीलाही म्हणेल, चल आबिजानला. तरीही ते वाक्य तिच्या मागे लागलं. लेन्सचं झाकण तिने खिशात ठेवलं आणि तासभर पिशवीत शोधलं. दुसऱ्या दिवशी घरून निघताना डोक्याचं फडकं तिने दोनदा बदललं, आणि स्वतःचाच राग येऊन तिसऱ्यांदा जुनंच बांधलं.

पाचव्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, या वेळी ब्रशकडे न बघता. "मग, ठरलं का आबिजानचं?" ती म्हणाली, गुलामांनी मालकिणीला गाडीत बसवायच्या आधी गाडी विकत घ्यायची असते. पुन्हा सगळे हसले. तो जरा उशिराने हसला... की तिला तसं वाटलं?

विचारावं तरी कसं? थट्टा असली तर पुढची दहा वर्षं सगळं वागादुगु तिला हसेल. मोसी पोरीने सामोचं बोलणं खरं मानलं म्हणून.

सहाव्या दिवशी अबिबूला उशीर झाला, म्हणून अझाराने बुरेमालाच पट्ट्यापुढे बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, असं बजावलं. तो गप्प बसला. आणि तिला पहिल्यांदाच तो दिसला. बोलणं थांबल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा खट्याळपणा पुसून गेला होता. उरला होता एक थोडा घाबरलेला, फार मायाळू माणूस, आणि तो थेट तिच्याकडे बघत होता. भिंतीचा तांबूसपणा त्याच्या जबड्यावर उतरला होता. हाच तो रंग, हे तिला कळलं. तिने फोकस लावला. तो आधीच बरोबर होता. तिने पुन्हा लावला.

"झालं?" ओठ न हलवता त्याने विचारलं.

"नाही... अजून जरा थांब."

केव्हाच झालं होतं. तिला नजर काढवत नव्हती, एवढंच.

आठव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हवा तसा उजेड आला, आणि तो वीसच मिनिटं टिकणार होता. भिंतीपुढे अबिबू बसली. मुलगा जिवंत असल्याचं विधवेला कळतं, असा प्रसंग होता. तिला एक शब्दही बोलायचा नव्हता. दिग्दर्शिका एदविजमावशींनी खूण केली आणि अझाराने श्वास रोखला. कपाळावरचं निळं, गालावरचं तांबूस, मग डोळ्यांच्या कडेला आलेलं पाणी आणि त्यात भिंतीचा अख्खा रंग. शॉट संपला तरी मावशींना थांबा म्हणायचं सुचेना. त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

मग एकदम टाळ्या झाल्या, कोणी गाऊ लागलं, कूका आजोबांनी भिंतीला शाबासकी दिल्यासारखं थोपटलं. या गोंधळात बुरेमा पुढे आला.

"मावशी, या भिंतीची मजुरी मला नको," तो मोठ्याने म्हणाला. "त्याऐवजी ही मोसीण द्या. उद्याच घेऊन जातो. बिनपगारी आहे, खाते मात्र फार."

हशा पिकला. अझाराच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"पुरे," ती म्हणाली. "रोज तेच, रोज तेच. माणसासारखं एकदा तरी बोलता येत नाही का तुला?"

गाणारे मधेच थांबले. मोसी सामोवर रागावली होती, तीही चारचौघांत. असं कोणी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. बुरेमाच्या तोंडावरचं हसू तिथेच विरलं. त्याने बादली उचलली आणि तो फाटकातून निघून गेला. अझाराला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सामान गोळा करायला ती आली, तर आजोबा उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"मीही मोसीच. साठ वर्षं सामो मला गाढव म्हणताहेत," ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या मयताला एकाने तिच्या चालण्याची नक्कल केली. मी रडता रडता हसलो. कधी राग आला नाही. पोरी, समोरचा खोटं बोलतोय हे ठाऊक असलं की राग येत नाही. तुला का आला?"

अझाराने नजर भिंतीकडे वळवली.

"रागावलेल्याने माफी मागायची, अशी रीत आहे," म्हणत आजोबांनी तिच्या हातावर माफीसोबत द्यायच्या दोन कोलाच्या बिया ठेवल्या. "आणि माफी मागितली की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. सकाळीच परत आलाय, मागे ब्रश धुतोय तो. त्याची बस समोरूनच सुटते."

बुरेमा विहिरीपाशी उकिडवा बसला होता, पिशवी बांधून शेजारी ठेवलेली. अझाराने बिया पुढे केल्या.

"माफी मागायला आले."

"दिली," तो लगेच म्हणाला. एक बी त्याने उचलली, पण खाल्ली नाही.

"मग अजून एक मागते. थट्टा न करता सांग. आबिजानला चल म्हणालास, ते..."

त्याने तोंड उघडलं. काहीतरी खमंग उत्तर तिथवर आलेलं तिला दिसलं. त्याने ते गिळलं. हातातला ब्रश त्याने तीन वेळा पिळला, त्यातून पाणी निघत नव्हतं तरी.

"खरं होतं," तो म्हणाला. "दर वेळी. थट्टेत विचारलं की नाही ऐकलं तरी हसता येतं... म्हणून."

"मीही म्हणूनच हसत होते."

रस्त्यापलीकडे बसने पहिला भोंगा दिला. अझाराला सगळं एकदम बोलून टाकायचं होतं आणि शब्द उलटसुलट येत होते. ती आबिजानला येणार नाही, तिचं काम इथे आहे, हे तिने सांगितलं. ते मला ठाऊक आहे, तो म्हणाला. काम दीड महिन्याचंच आहे.

"मग परत ये. तू गेलास की मला फार वाईट वाटणार आहे."

"किती?" ही थट्टा नव्हती. त्याला खरंच ऐकायचं होतं.

"चारचौघांत रागावण्याइतकं."

बुरेमाने मान खाली घातली. वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवण्यासाठी त्याला एकही विनोद सापडत नव्हता. तुझा बाप सामोला घरात घेईल का, असं त्याने हळूच विचारलं. आधी पोटभर हसेल, अझारा म्हणाली, मग घेईल.

दुसरा भोंगा झाला. बुरेमा उठला, पिशवी खांद्यावर टाकली, दोन पावलं गेला आणि थांबला.

"बस उद्याही असते," तो म्हणाला.

अझाराने विहिरीच्या कट्ट्यावरची धूळ हाताने झटकली, दोघांना बसता येईल एवढी.