बेचाळीस दिवसांची आठवण

यवतेश्वरच्या पठारावर सायकलपटूंचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर सकाळी साडेसातला सगळ्यांचे अंक उमटत. मनगटावरचा पट्टा झोप, नाडी आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजी. त्यावरून 'श्रमतुला' ही प्रणाली शंभरपैकी ताजेपणा ठरवी. अंक ऐंशीच्या वर गेला की घाट, खाली राहिला की विसावा. प्रशिक्षकाला कुणी विचारीत नसे.

रुखसार मुलाणीचा अंक आज एक्क्याण्णव होता. म्हणजे घाट तीनदा. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"हिला पाठवू नका," वामन तेलवेकर म्हणाला.

केंद्रातली सगळी उपकरणं वामन सांभाळी. त्याची बायको सुमित्रा इथलीच सायकलपटू. याच घाटात, तिसऱ्या चढाला ती कोसळली ती उठलीच नाही. त्या सकाळी तिचा अंक ब्याण्णव होता.

"वामनराव, तुमचं दुःख मला कळतं," संचालक डॉ. अच्युत गाडगीळ म्हणाले. "पण चौकशी झाली. यंत्रात दोष सापडला नाही."

"नाहीच सापडणार. सांगितलंय तेच करतंय ते. मला एवढंच सांगा, ताजं म्हणजे कशाच्या मानानं ताजं?"

"ज्याच्या त्याच्या मानानं. गेल्या बेचाळीस दिवसांची सरासरी काढायची आणि कालची रात्र तिच्याशी ताडून बघायची. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून दुसऱ्याशी तुलना नाही."

"आणि त्रेचाळिसावा दिवस?"

"तो गळून जातो."

"मग रोज थोडं थोडं दमणाऱ्याचं काय? त्याच्याबरोबर सरासरीही घसरते. दोन महिन्यांनी माणूस पार पिळून निघालेला असतो आणि तुमचं यंत्र म्हणतं, नेहमीसारखाच आहे!"

गाडगीळ हसले. "इतका दमलेला माणूस स्वतःच बोलेल की हो!"

वामनने खिशातून वही काढून टेबलावर आपटली. सुमित्रा पहाटे अंथरुणातच मानेवर बोटं ठेवून नाडी मोजायची आणि या वहीत लिहायची. पट्टा आला तरी तिची ती सवय सुटली नव्हती.

"वाचा. जूनमध्ये सेहेचाळीस. जुलैत बावन्न. ऑगस्टमध्ये एकसष्ट. पडल्या पडल्या नाडी अशी चढते ती शरीर दमल्याशिवाय नाही. आणि शेजारी काय लिहिलंय? 'यंत्र ब्याण्णव म्हणतं. मीच आळशी झालेय.' बोलली नाही ती, साहेब! ती दमलीय हे तिलाच खरं वाटेना. हे तुम्ही केलंत!"

"एका वहीवरून..."

"बरं, वही राहू द्या." वामनने भिंतीवर एक आलेख आणला. "हा आजचाच आहे. नाव झाकलंय. याचं काय करायचं, तुम्हीच सांगा."

गाडगीळांनी चष्मा सारखा केला. हे त्यांच्या आवडीचं काम. "चौऱ्याण्णव. वा! रेघ कशी स्थिर आहे बघा. सहा आठवडे श्रम मात्र काहीच दिलेले नाहीत. उगाच बसवून ठेवलाय पोराला. आजच घाटात काढा. कोण आहे हा?"

वामनने बाही वर सरकवली. पट्ट्यांचा नवा संच आला की एक स्वतः बांधून तो तपासायचा, ही त्याची जुनी पद्धत. तो पट्टा अजून मनगटावरच होता.

"मी."

गाडगीळ त्याच्याकडे बघत राहिले. सदरा खुंटीला टांगल्यासारखा वामनच्या अंगावर लोंबत होता.

"सुमित्राला जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले. दोन तासांच्या वर मी एकही रात्र झोपलो नाही. नऊ किलो उतरलो. पहिल्या आठवड्यात यंत्रानं मला एकवीस अंक दिला. बरोबरच दिला. मग तो चढत गेला. ती घरात होती ती शेवटची रात्र मागच्या आठवड्यात त्याच्या सरासरीतून गळली. आता त्याच्या लेखी मी कायमचाच असा आहे. ठणठणीत!"



रुखसारने आपला पट्टा सोडून टेबलावर ठेवला. भिंतीकडेच्या बाकावर ती आडवी झाली, पाच-सात मिनिटं नुसती पडून राहिली. मग मानेवर दोन बोटं टेकून घड्याळाकडे बघत ठोके मोजले.

"काका, एकोणसत्तर भरली. जूनमध्ये माझी किती होती? सुमित्राताई माझीही मोजून लिहायच्या."

वामनने वहीची मागची पानं उलटली. सुमित्राच्या अक्षरात रुखसारचं नाव होतं.

"पन्नास."

"मग मी आज जात नाही," रुखसार म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.