पुन्हा आलेले शब्द काढून टाका

हे वाचून ‘मस्त लिहिलंय भावा’ अशी कमेंट टाकू नका. हे रचलेलं नाही. आमच्या घरात घडलंय.

गेल्या वर्षीचा मे महिना. खर्डा, तालुका जामखेड. वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारचे अडीच वाजले होते.

मी हर्षल. मी आणि माझी धाकटी बहीण मोनिका गावाकडच्या गोष्टींचा पॉडकास्ट सुरू करणार होतो. भांडण एकाच गोष्टीवरून चाललं होतं. एडिटिंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं?

मोनिकाचं सॉफ्टवेअर साधं होतं. ऐकायचं, आणि नको ते हाताने कापायचं. माझं सगळं आपोआप करायचं. खोकला, जनावरांचे आवाज, कूलरची घरघर, सगळं साफ. एकच शब्द परत परत आला तर पहिला ठेवायचं, बाकीचे उडवायचं. मी जन्माचा आळशी. मला तेच हवं होतं.

आईची गोष्ट नुकतीच रेकॉर्ड करून झाली होती. उठता उठता ती म्हणाली,

“दुपारच्या पारी एकदाच हाक आली तर ओ देऊ न्हाई. जितं मानूस तीन-तीनदा हाका मारतंय. ते मातर एकदाच मारतंय.”

आणि ती मागच्या गोठ्यात गाईला कडबा टाकायला गेली.

दोन्ही सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची म्हणून आम्ही माईक मागच्या खिडकीत ठेवला. मोनिकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज जसाच्या तसा साठत होता. माझ्या सॉफ्टवेअरमधून साफ होऊन तो आमच्या दोघांच्या हेडफोनमध्ये येत होता. खोलीत कूलर घरघरत होता, पण कानात चिटपाखरू नव्हतं.

मग...

“हर्षल...”

आईचा आवाज. एकदाच.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पोट धरून हसलो.

“घे, आलं आईचं भूत,” मोनिका म्हणाली. “ओ देऊ नको हां.”

मी दिली नाही. काम असतं तर आईने परत हाक मारली असतीच की.

हाक परत आली नाही.

पुढचा तासभर आम्ही ती हाक पॉडकास्टच्या सुरुवातीला कशी लावायची, यावर डोकं लढवत बसलो.

हेडफोन काढले तेव्हा गाय हंबरत होती. वेड्यासारखी...

आई कडब्याच्या पेंढ्यांजवळ पडली होती. पाय काळानिळा. तोंडाला फेस. साप चावला होता.

डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या.”

दहाव्यानंतर मोनिकाने तिच्या सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्डिंग उघडलं आणि मला बोलावलं.

त्यात आईच्या हाका होत्या. मोजून अकरा. सगळ्यांत माझंच नाव. पहिली दुपारी दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. शेवटची... नुसत्या श्वासात.

माझ्या सॉफ्टवेअरने अकराच्या अकरा उडवल्या होत्या. शब्द परत आला म्हणून.

परत?

मोनिकाने रेकॉर्डिंग मागे नेलं. दोन एकतीस. आम्ही हसलो, ती वेळ. आमचं हसणं त्यात पुसट ऐकू येत होतं. त्याच्या आधी चिमण्या होत्या, गाईची घंटा होती, आणि आई गाईला म्हणत होती, “सरक की बये.” तिचा आवाज चांगला ठणठणीत होता.

हाक नव्हतीच.

मग आम्ही कुणाची हाक ऐकली? आईच्या आवाजात? ती आधी आली म्हणूनच आईच्या अकरा हाका आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत...

मोनिका आता घरी येत नाही. माझ्या आळसाने आईला मारलं, असं ती कधी म्हणाली नाही. न म्हणताही मला ते कळतं, आणि ते खरंच आहे.

मी लॅपटॉप विकून टाकला. घरी एकटाच असतो. रोज दुपारी गोठ्याकडून हाक येते. एकदाच.

आवाज आईचाच आहे. कधी वाटतं, तीच आहे, अजून तिथेच पडून माझी वाट बघतेय. कधी वाटतं, हे तेच आहे, जे त्या दिवशी तिच्या आधी बोललं होतं. दोन्हींत फरक कसा करायचा, ते मला कुणीच सांगू शकत नाही.

मी पाय पोटाशी घेऊन बसून राहतो.

माझ्या आईला मी अजून एकदाही ओ दिलेली नाही.