जावई फक्त हॉलपर्यंत

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा चिमीच्या हातात एका आजोबांची कवळी होती.

कवळी नवीकोरी. आजोबा खाली दवाखान्यात बोळकं मिटून वाट बघत बसलेले, आणि ही अशी अधांतरी. आधी तिने सगळी बटणं दाबून पाहिली. मग दारावर थापा मारल्या. मग, आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नसतं या परदेशातल्या एकुलत्या एक सुखाचा फायदा घेऊन, ती मोठ्यांदा म्हणाली, "या लिफ्टच्या तर नानाची टांग!"

"नानांना कशाला मध्ये घेता?" वरून आवाज आला. "बिघाड दाराचा आहे."

चिमीच्या हातातून कवळी पडता पडता राहिली.

"तुम्ही... कोण?"

"लिफ्टवाला."

"मग लिफ्ट चालवा की!"

"चालवतो. पण आणखी काही येत असेल तर आधी म्हणून घ्या. फार दिवसांत असं मराठी कानावर पडलं नाही."

"आधी बाहेर काढा. मग सावकाश ऐकवते."

दार उघडलं तर मजला छातीइतका उंच. वरून ग्रीसने माखलेला एक हात पुढे आला, थबकला, मागे गेला, पँटला खसाखसा पुसला गेला आणि पुन्हा पुढे आला. खरं सांगायचं तर त्या पुसण्यावरच चिमी भाळली. हे तिने कबूल केलं ते पुष्कळ दिवसांनी, आणि तेही भांडणात.

चिमी त्या इमारतीत कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती आणि मावशीकडे राहायची. त्या दिवसानंतर तिथली लिफ्ट फारच नाजूक प्रकृतीची झाली. दर आठवड्याला लिफ्टवाला हजर.

"आज काय बिघडलं?"

"अजून काही नाही. पण बिघडेल असं वाटतं."

"किती वाजता?"

"तुम्ही कामावरून किती वाजता सुटता?"

मग बसस्टॉपपर्यंत सोबत आली. मग भुरभुर पावसात एक छत्री आली. ती छत्री दोघांत पुरायची नाही, एकेकाचा एकेक खांदा भिजायचा, तरी दुसरी छत्री आणायचं कुणाच्याच डोक्यात येईना. बस यायची, चिमी हात सोडायची, बस जाऊ द्यायची... आणि पुन्हा हात धरायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

सगळं असं गोडीगुलाबीत चाललं असताना कारखान्याच्या मालकाने धंदा गुंडाळायचं ठरवलं. नोकरी गेली की कामाचा परवाना जाणार, आणि परवाना गेला की चिमीने बॅग भरायची.

"मी इथला नागरिक आहे," लिफ्टवाला बसस्टॉपवर रस्त्याकडे बघत म्हणाला.

"अभिनंदन."

"तसं नाही... म्हणजे माझ्या बायकोला इथे राहता येतं."

"मग सांग की तिला."

"तेच सांगतोय."

चिमीने छत्री बाजूला केली. दोघंही भिजायला लागले.

"परवान्यासाठी विचारतोयस?"

"परवान्याची अडचण नसती तर पुढच्या वर्षी विचारलं असतं. धीर गोळा व्हायला तेवढे दिवस लागलेच असते."

रजिस्टर लग्न झालं. दोघांनी सह्या केल्या, मावशीच्या नवऱ्याने, काकांनी, साक्षीदार म्हणून सही केली, मावशीने सगळ्यांचा एक फोटो काढला, त्यात स्वतःचा अंगठा काढला. बाहेर आल्यावर लिफ्टवाला बायकोचा हात धरून आपल्या घराकडे निघाला, तर मावशी आडवी.

"कुठे?"

"घरी..."

"सह्या झाल्या. लग्न कुठे झालंय? हिवाळ्यात तिकडे कार्यालय ठरवलंय हिच्या आईने. अक्षता पडेपर्यंत मुलगी माझ्या ताब्यात. शब्द दिलाय मी ताईला."

चिमीने नवऱ्याच्या हातातून हात सोडवून घेतला. ज्या बाईने पहिल्या थंडीत आपला कोट भाचीला घातला आणि स्वतः शालीवर दिवस काढले, तिच्यापुढे तोंड उघडायचं कसं?

म्हणून मग कायद्याने नवरा असलेला इसम दर रविवारी पाहुण्यासारखा यायचा. बूट दारात, जावई हॉलमध्ये. सोफ्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला चिमी आणि मधोमध मावशी, विणकाम घेऊन. काका टीव्हीसमोर. काकांना घरातलं काही ऐकू यायचं नाही, टीव्हीवरचं मात्र सगळं यायचं.

"चहा आणखी घ्या ना," चिमी मावशीदेखत 'अहो-जाहो' करायची.

"नको. झोप लागत नाही मला मग," तो चिमीकडे बघून म्हणायचा.

"मग लवकर निघा," मावशी सुया चालवत म्हणायची.

आणि अशा या जोडप्याने बायकोच्या व्हिसासाठी अर्ज केला. खराखुरा, सरळमार्गी. त्याचा पत्ता त्याचा, तिचा पत्ता मावशीचा. एका घरात राहत नाही, हे लपवायचं असतं हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

मुलाखतीला समोर एक अधिकारीणबाई होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज थंडगार.

"नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो?"

"माहीत नाही," चिमी म्हणाली.

"त्याच्या स्वयंपाकघरातले पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"मी... त्यांच्या घरी अजून गेलेली नाही."

"लग्न झाल्यापासून?"

"हो."

"का?"

"मावशी."

बाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही राहता ते घर बघायला मी स्वतः येईन," ती म्हणाली.

बाहेर येऊन चिमी पायरीवर मटकन बसली. "व्हिसा नाकारला तर मी तिकडे, तू इथे. मग भेट कधी... आणि कशी?"

लिफ्टवाला नेहमी काहीतरी बोलून हसवायचा. त्या दिवशी तो नुसता शेजारी बसून राहिला.

अधिकारीण यायच्या दिवशी चिमीने कच खाल्ली. नवऱ्याचा एक शर्ट मागवून न्हाणीघरात खुंटीला लावला. भांड्यात आपल्या ब्रशशेजारी एक ब्रश ठेवला. मावशी दारात उभी राहून बघत होती.

"हे बरं दिसतं का, चिमे?"

"नुसतं लावलंय गं. मी काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय!" मावशी म्हणाली.

अधिकारीण आली. हॉलमध्ये जावईबापू अंग चोरून बसलेले. बाई घरभर फिरली, न्हाणीघरात डोकावली आणि ब्रश उचलून बाहेर आली. त्याचं वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हा तुमच्या नवऱ्याचा? म्हणजे ते इथे झोपतात?"

चिमीने तोंड उघडलं. पण त्याआधीच मावशीच्या हातातलं विणकाम खाली पडलं.

"इथे? झोपतात?" मावशीला तिथली भाषा फाडफाड यायची, फक्त चाल मराठीची होती. "काय समजलात काय आम्हाला? या घरात असलं चालत नाही! हॉलच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही त्यांनी! लग्न तर होऊ द्या आधी!"

"लग्न... झालेलं नाही?" बाईने शांतपणे विचारलं.

"हिवाळ्यात आहे!" मावशी ठणकावून म्हणाली. "तुम्हीपण या."

काकांनी टीव्ही बंद केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी आपणहून टीव्ही बंद केलेला मावशीने प्रथमच पाहिला.

चिमीचे डोळे भरून आले. "तो ब्रश मी आज सकाळी ठेवला," ती म्हणाली. "शर्टसुद्धा. मला फक्त... यांच्याजवळ राहायचंय हो."

अधिकारीण लिफ्टवाल्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुमचं प्रेम आहे हिच्यावर?"

लिफ्टवाला उभा राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "आहे. फार आहे. ही आधी नाकाने हसते, मग तोंडाने. ते बघायला मी रोज बसस्टॉपवर उभा राहतो. माझ्याच बायकोला चोरून भेटतो. सह्या केल्यापासून रोज वाटतं, हिला घरी न्यावं. पण मावशींचं मन मोडून आणलेली ही तिथे सुखाने राहिली नसती. म्हणून मी थांबलो. नसेल व्हिसा द्यायचा तर नका देऊ, ही जाईल तिथल्या लिफ्ट दुरुस्त करीन."

"हे सगळं मला कधी का नाही सांगितलंस?" चिमी मराठीत कडाडली. मावशीदेखत 'तू' निघून गेलं तेही तिला कळलं नाही.

"तू विचारलं नाहीस. यांनी विचारलं."

"काय म्हणते आहे ती?" अधिकारीणबाईने विचारलं.

"भांडतेय," लिफ्टवाला म्हणाला.

"मग नवरा-बायकोच दिसताय." बाईच्या ओठांचा एक कोपरा हलला. "खोटी जोडपी उशीच्या अभ्र्याचा रंगसुद्धा पाठ करून येतात. तुम्हाला धड एक उत्तर येत नाही. माझी शंका फिटली. पण मला एका घराचा एक पत्ता लागतो. दोन पत्त्यांवर मी होकार लिहू शकत नाही."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने जमिनीकडे.

चिमी तिच्या पायाशी बसली. "मावशी, मी आज जाते यांच्याबरोबर."

"आणि ताईला काय तोंड दाखवू?"

"आईला मी सांगते. हिवाळ्यात सगळं करू, तू म्हणशील ती साडी नेसेन. पण माझी रवानगीच झाली तर तुझा शब्द तेवढा राहील गं, मी नसेन."

मावशी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. डबे आपटल्याचे आवाज आले. नळ सुटला. नाक शिंकरल्याचा आवाज आला. चिमीला वाटलं, आता संपलं, आता ही चार दिवस बोलणार नाही. एवढ्यात मावशी बाहेर आली ती वाटीत हळद लावलेले तांदूळ घेऊन.

"अशी नाही पाठवायची मी," ती म्हणाली. "अहो, उठा. मंगलाष्टक म्हणा."

काकांना एकच कडवं येत होतं. ते त्यांनी भसाड्या आवाजात, न लाजता, पुन्हा पुन्हा म्हटलं. अंतरपाट म्हणून मावशीने धुतलेला टॉवेल आणला. एक टोक तिने धरलं. दुसरं धरायला घरात माणूस उरला नव्हता, ते सरकारने धरलं.

"तांदूळ कधी टाकायचे?" अधिकारीणबाईने दबक्या आवाजात विचारलं.

"मी टाकले की!" मावशी म्हणाली. तरी बाईने आधीच टाकले, आणि सगळे काकांच्या उघड्या तोंडात गेले.

जाताना बाई दारात थांबली. केसांतला तांदळाचा दाणा तिने काढला नाही. "नवा पत्ता उद्याच कळवा," ती म्हणाली. "होकार मी आज लिहून ठेवते."

संध्याकाळी एक बॅग घेऊन दोघं त्याच्या दाराशी आले. त्याने किल्ली काढली, कुलुपाला लावली, आणि तसाच थांबला.

"पसारा आहे का आत?" चिमीने विचारलं.

"आहे. पण ते नाही..." त्याने आधी जिन्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आत्ता कुणी विचारलेलं नाही. तरी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. मराठीत, अडखळत, अर्धं वाक्य गिळून... पण सांगितलं. चिमीने बॅग खाली ठेवली.

शेजारच्या दाराआडून कुणीतरी मुद्दाम खोकलं, तेव्हा कुठे ती दोघं आत गेली.