लाल कार्डावरची सही

खोलीच्या दाराला लाल कार्ड लोंबकळत होतं... आणि ते पाहताच चतुराबाई कपबशी घेऊन उंबऱ्यातच थबकल्या!

दुसऱ्या कुणी ते कार्ड पाहिलं असतं, तर नातीचा खेळ म्हणून हसून सोडून दिलं असतं. पण चतुराबाईंनी चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं काढली होती. कंपनीत आवराआवरीचा आठवडा आला की नको झालेल्या वस्तूला लाल कार्ड बांधायचं, ती ज्याच्या ताब्यात असेल त्याची सही घ्यायची आणि शनिवारी भंगाराच्या गाडीत टाकून मोकळं व्हायचं, ही रीत त्यांना पाठ होती. त्यांच्या हाताला सरावलेल्या मोठ्या कढईलाही एकदा असंच कार्ड लागलं होतं. सही येत नव्हती म्हणून त्यांनी अंगठा उठवला, आणि त्या निळ्या अंगठ्याची लाज इतकी जिव्हारी लागली की वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या पाटी घेऊन प्रौढांच्या वर्गात जाऊन बसल्या!

आज कार्ड कढईला नव्हतं. त्यांच्या खोलीला होतं...

त्यांचा मुलगा संघर्ष कंपनीत क्वालिटीला होता. घरातही त्याचं सगळं कंपनीच्या शिस्तीनं चाले. त्याला वेड एकच, जुन्या गाड्यांचं. कुरुळीतल्या त्या टुमदार घराला लागून त्याचं गॅरेज होतं. त्यात पांढरी अ‍ॅम्बॅसेडर, निळी फियाट आणि काळी लांबलचक कॉन्टेसा अंग चोरून उभ्या असत, आणि वर पाटी, ‘कृपया गाडीला हात लावू नये.’ आता चौथी येणार होती, हिरवी हेराल्ड. “माणसं म्हातारी झाली की कोपऱ्यात, अन् गाड्या म्हाताऱ्या झाल्या की गॅरेजात!” असं चतुराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायच्या. पण मागच्याच आठवड्यात संघर्ष सून भाग्यश्रीला म्हणाला होता, “गॅरेज आईच्या बाजूनंच वाढवायला लागेल.” ते शब्द त्यांनी ऐकले होते, पण भाकरी थापताना हात थांबू दिला नव्हता.

संघर्ष फर्स्ट शिफ्टला गेलेला, भाग्यश्री लेकीला, दीक्षाला, चित्रकलेच्या परीक्षेला घेऊन गेलेली. घर रिकामं होतं. पोराला तोंडानं सांगायला जड गेलं असेल, म्हणून बिचाऱ्यानं कार्ड लावलं... मग त्याला अवघडल्यासारखं का करायचं? ज्याच्यासाठी आयुष्य चंदनासारखं झिजवलं, त्याच्या एका हौसेपुढं दहा बाय दहाच्या खोलीचं काय मोल! डोळे भरून आले होते, चष्मा फडताळात होता. लाल रंग दिसला तेवढा पुरे, पुढचं वाचायचं काय! त्यांनी दीक्षाची पेन्सिल घेतली आणि खालच्या रेघेवर एकेक अक्षर कोरलं, च... तु... रा... बाई. यावेळी अंगठा नव्हता, एवढंच समाधान!

दोन लुगडी पिशवीत घालून त्यांनी दापोडीची बस धरली.

रुळांलगतच्या गल्लीत त्यांची धाकटी बहीण शालनबाई राहत होती. सगळं ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अक्का, पोरगं काय टाकून बोललं का?”

“न्हाई गं, सोन्यासारखं हाय पोर. गाड्यांना जागा कमी पडती.”

“मग गाड्यांना धाड की माझ्याकडं! तू कशाला आलीस?”

चतुराबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुपारी गल्लीत भोंगा वाजला. असला भसाडा भोंगा पिंपरी-चिंचवडात एकाच गाडीचा! अ‍ॅम्बॅसेडर कशीबशी गल्लीत शिरली आणि दोन्हीकडच्या ओट्यांच्या मध्ये आचका देऊन बंद पडली. कंपनीच्या गणवेशातच संघर्ष उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्याच्याआधी दीक्षाच कार्ड फडकवत धावली.

“आजी, तू न वाचताच सही केलीस? मी पेपरात असं केलं तर किती बोलतेस! वाच आता, मोठ्यानं!”

शालनबाईंचा चष्मा नाकावर चढवून चतुराबाई अडखळत वाचू लागल्या, “वस्तू... जुने दार. कारण... गॅरेजची भिंत इथवर येणार. नवे रुंद दार... आईच्या खोलीला... अंगणाकडून.” त्यांनी वर पाहिलं. “मंजी... नुसतं दार?”

“नुसतं दार, आई!” संघर्षचा आवाज फुटला. “तुझी खोली जशीच्या तशी राहणार आहे. मी म्हटलं, शिफ्टवरून येतो अन् मग सांगतो, तर तू घरच सोडून आलीस?”

“मग गाड्यांना जागा कुठनं?”

“आमच्या हॉलची भिंत चार फूट आत घेतोय,” मागून गाडीतून उतरलेली भाग्यश्री पुढं आली. “सोफा गेला तरी चालेल. आणि आई, तुमची खोली पाडायला निघाले असते ना, तर मी यांच्याच गळ्यात लाल कार्ड अडकवलं असतं!”

गल्ली खो खो हसली. संघर्ष मात्र हसला नाही. तो आईच्या पायाशी ओट्यावर बसला.

“आई, आपण इथं राहायचो तेव्हा या रुळांपलीकडच्या कॉलनीत तू सकाळी गाड्या पुसायला जायचीस. चार बंगले, चार गाड्या. पांढरी, निळी, काळी, हिरवी. मी दगडावर बसून बघायचो. एकदा मी पांढरीला हात लावला...”

“अन् साहेब ओरडला, डाग पडंल म्हणून,” चतुराबाई हळूच म्हणाल्या.

“तू बोलली नाहीस. माझी बोटं जिथं लागली होती, तिथं दोनदा फडकं फिरवलंस. अकरा वर्षं तू त्या पुसल्यास आणि एकदाही आत बसली नाहीस! मी गाड्या जमवत नाही गं... तुझ्या त्या चार गाड्या परत आणतोय. हेराल्ड आली की चार पुऱ्या होतील.”

चतुराबाईंच्या डोळ्यांवरचा पडदाच जणू सरला! इतकी वर्षं ज्याला त्या लेकाचं खूळ समजत होत्या, ते त्यांच्याच कष्टांचं ऋण फेडणं होतं! त्यांनी त्याचं पिकू लागलेलं डोकं उराशी धरलं आणि दोघंही लहान मुलांसारखी रडली.

“पुरे आता,” शालनबाईंनी पदरानं नाक पुसलं. “वाट अडलीय सगळ्यांची. सुरू करा ती म्हातारी!”

चतुराबाई मागच्या सीटवर बसल्या. मऊ गादीवर तळवा फिरवत बसल्या, जणू अजून धूळ पुसायची राहिली होती. संघर्षनं चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि गप्प झाली.

“ढकला रे!” कुणीतरी हाक दिली. माणसं पुढं आली खरी, पण त्या चकचकीत पांढऱ्या रंगापाशी येऊन थबकली. एकानं तळहात विजारीला पुसले. “दादा, हात लावला तर चालंल ना? डाग पडंल.”

संघर्षनं चावीवरचा हात काढला. आपल्या गॅरेजवरची ती पाटी म्हणजे त्या साहेबाचंच ओरडणं होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं...

चतुराबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“लावा की!” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “तेलाचे, कणकीचे, कसलेबी हात असूद्या... लावा! आपलीच हाय ही!”

आणि दहा-बारा तळहात एकदमच त्या पांढऱ्या पाठीवर पडले.