रंग जुळेपर्यंत

गाडीच्या जाळीतून कुणीतरी कापूस वेचत होतं.

लोहारा गावातल्या गॅरेजात शिरताना स्पृहाला आधी दिसली ती लांबसडक, रंगानं माखलेली बोटं… चेपलेल्या बॉनेटमधून एकेक पुंजका हलकेच ओढून काढणारी.

"हे काय करताय?"

"वेचनी करून राह्यलो," तो मान वर न करता म्हणाला. "या कापसाच्या पायी शेती सोडली, तांडा सोडला मॅडम, तर हा माह्या मागं गॅरेजात आला!"

मग त्यानं वर पाहिलं, आणि स्पृहा गाडी सोडून त्याच्याकडेच बघत राहिली.

दोन दिवसांपूर्वी राळेगावच्या रस्त्यावर कापसानं लादलेली ट्रॉली एकाएकी थांबली होती आणि स्पृहाची मारुती मागून तिच्यावर आदळली होती. कुणाला खरचटलंही नाही. पण बॉनेट दुमडलं, आणि फुटलेल्या गाठोड्यांतला कापूस गाडीभर पसरला. कापसाला भाव नव्हता आणि घरंच्या घरं अबोल होत चालली होती, अशी ती वर्षं. एका संस्थेच्या वतीनं स्पृहा खेड्यांतल्या, नवरा गमावून एकट्या पडलेल्या बायकांना भेटायला जायची. बसायची, ऐकायची.

गॅरेजातल्या त्या तरुणानं, बादलनं, चार दिवसांत पत्रा ठोकून सरळ केला. अडलं ते रंगापाशी. गाडीचा तो जुना, फिकट निळा रंग बाजारात मिळेना.

"हातानं जुळवा लागते," तो म्हणाला. "अन् ते सकाळच्या कोवळ्या उन्हातच कळते. तुमी याल?"

ती येऊ लागली. रोज आठ वाजता, शाल लपेटून. पत्र्याच्या तुकड्यावर तो एक पट्टा ओढायचा आणि गाडीशेजारी धरायचा.

"जुळला?"

"थोडा… गडद वाटतो."

"मंग उद्या फिका करू."

"आजच का नाही?"

"रंगाले घाई चालत नाई मॅडम." ओठ गंभीर, डोळे मात्र हसरे.

त्याची आई रुपीबाईही अशीच सकाळच्या उन्हात बसून घागऱ्यावर आरसे टाचायची म्हणे. "आमच्या बंजाऱ्यांत आईले याडी म्हंतेत."

"याडी…" स्पृहानं म्हणून पाहिलं.

"पुन्हा म्हना."

"का? चुकलं?"

"नाई," तो रंग ढवळत पुटपुटला. "बरोबर होतं… म्हनून."

नवव्या दिवशी बादल थिनर आणायला गेलेला असताना गॅरेजचे मालक भगवानराव सहज बोलून गेले, "रंग तर दुसऱ्याच दिवशी जुळला होता ताई. हा काहून थांबून राह्यला, मले नाई समजलं बाप्पा!"

स्पृहाच्या अंगावरून गोड शिरशिरी गेली… आणि पाठोपाठ तिला जमनी आठवली. राळेगावकडची जमनी. नवरा गेल्यापासून ती फक्त स्पृहाशीच मोकळेपणानं बोलायची, दर मंगळवारी दारात वाट पाहायची. दोन मंगळवार चुकले होते.

बादल परतला तेव्हा ती उभीच होती.

"खोटं बोललात माझ्याशी?"

"बोललो."

"तिकडे एक बाई माझी वाट बघतेय! आणि मी इथे रंग बघत बसलेय…"

एसटीनंही जाता आलं असतं, हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं, आणि ती जास्तच चिडली.

बादलचा चेहरा उतरला. "त्या बाईचं मले माईत नव्हतं. चुकलं माह्यं." थिनरचा डबा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "पन पत्रा झाला त्या दिवशी तुमी स्टेरिंग धरलं, अन् हात थरथरले तुमचे. मले वाटलं, रोज गाडीपाशी आल्या तर भेव सुटन. हे अर्धं खरं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते… तुमी येत होत्या ना, म्हनून—" त्यानं ब्रश उचलला आणि उगाच पुसायला घेतला.

मंगळवारी तिनं रंगवून झालेली गाडी बाहेर काढली आणि शेजारचं दार उघडलं. "बसा."

दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधून धुक्यात विरघळलेला रस्ता. आणि मग समोर तशीच एक ट्रॉली! तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मागून हॉर्न वाजू लागले. बादलनं दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले.

"मी हात नाई लावत. तुमाले वाटन तवाच काढा. मले आज कुठंच जायचं नाई."

ती हसली. खोल श्वास घेतला आणि ट्रॉलीला अलगद मागे टाकलं.

आरशात ट्रॉली लहान लहान होत गेली. मग तोच म्हणाला, "मॅडम, मी तांड्यावरचा, ठोकाठोकी करनारा. तुमचे बाबा कचेरीतले मोठे साहेब…"

"बाबांचं मी बघेन. तुम्ही याडीचं बघा." तिची नजर रस्त्यावरच होती, गाल मात्र तापले होते. "आणि मॅडम म्हणणं बंद करा."

जमनी अंगणातच होती. लगबगीनं उठली, स्पृहाचे हात हातात घेतले, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"हा कोन वं?"

स्पृहा वळली. "सांगा ना. कोण तुम्ही?"

एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला बादल कानापर्यंत लाल झाला. "मी… मी स्पृहाचा—" पुढचा शब्द काही केल्या सापडेना.

जमनीनं तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना.

"समजलं रे बाबा, समजलं! पोरी, त्याले आधी पानी दे. घामानं भिजला तो!"