बदकाच्या चरबीचं काय केलंस?

तो माणूस डबा वाचत होता. नुसता बघत नव्हता, वाचत होता. वरपासून खालपर्यंत, मग डबा फिरवून मागची बाजू, मग पुन्हा पहिल्यापासून. मायलिस त्याच्या मागे उभी राहून चरफडत होती, कारण फळीवर तेवढा एकच डबा उरला होता.

नोव्हेंबरचा शनिवार. बाहेर दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझचा बारीक, चिवट पाऊस आणि दुकानभर ओल्या कोटांचा वास. जलतरण तलावाच्या खिडकीवर दिवसभर तिकिटं फाडून ती थेट इथे आली होती, ती याच डब्यासाठी. चरबीत मुरवून शिजवलेल्या बदकाच्या तंगड्या, मोठा डबा, आणि तोही सवलतीत. खाटकाकडच्या दोन तंगड्यांच्या पैशांत इथे अख्खं कुटुंब जेवतं. आणि हा बाबा तिथे अभ्यासाला बसल्यासारखा...

“घेताय,” ती शेवटी म्हणाली, “की पाठ करताय?”

तो वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब, केस कपाळाला चिकटलेले. डोळे... बरं, डोळे चांगले होते. पण तेवढ्यानं तिची चुकलेली बस परत येणार नव्हती.

“इथे लिहिलंय, चार किंवा पाच तंगड्या,” तो गंभीरपणे म्हणाला. “म्हणजे नक्की किती?”

“ते उघडल्यावर कळतं.”

“हे काय उत्तर झालं?”

“अहो, वजन तेवढंच भरतं. बदकं काय साच्यातून काढतात का?”

तो हसला, आणि तिला उगाचच आणखी राग आला. मग बोलण्यातून कळलं ते असं, की याचं नाव गुल्वेन, हा ब्रिटनीचा, म्हणजे पार वायव्य फ्रान्सचा, सप्टेंबरपासून इथल्या शाळेत गणित शिकवतो. दोन महिने झाले तरी याच्या घरात इथली खासियत असलेलं बदक शिजलं नाही म्हणून शाळेतले सहकारी त्याला छळत होते. एकट्या माणसानं पाच तंगड्यांचं करायचं काय, हा त्याचा प्रश्न. तीही एकटीच राहत होती. निम्मा-निम्मा करू, असं ठरलं. पुढे त्यानं विचारलं, की डबा तसाच ओव्हनमध्ये ठेवायचा का? मायलिसनं तो डबा त्याच्या हातातून काढूनच घेतला. स्वयंपाक तिच्या घरी होणार, हे त्या क्षणी नक्की झालं.

तिच्या त्या टीचभर स्वयंपाकघरात त्याला शिकवता शिकवता तिचा जीव मेटाकुटीला आला. आधी डबा गरम पाण्यात ठेवायचा, चरबी पातळ होऊ द्यायची, मग तंगडी अलगद उचलायची. यानं काटा खुपसला आणि मांस एकीकडे, हाड एकीकडे. तंगड्या कातडी वर करून तापल्या ओव्हनमध्ये गेल्या, कातडी तडतडू लागली, घरभर वास सुटला. ती जरा पाठमोरी झाली तेवढ्यात याचा हात चरबीच्या डब्यासकट कचऱ्याच्या बादलीकडे निघाला होता.

तिनं त्याचं मनगट धरलं.

“ही टाकतात तुमच्याकडे?”

“आमच्याकडे लोणी असतं,” तो म्हणाला. घरात वीज असते, असं सांगावं तसं.

मग मायलिसनं त्याला असा काही धडा दिला की वर्गातल्या पोरांनीही त्याच्याकडून एवढा ऐकला नसेल. डबा स्वस्त पडतो तो तंगड्यांमुळे नाही, चरबीमुळे पडतो. ही फडक्यातून गाळायची, काचेच्या बरणीत भरायची, आणि मग महिनाभर बटाटे यात, ऑम्लेट यात, कोबीच्या सूपला चमचाभर हीच. तळाशी साचलेला दाट रस मसुरीत घालायचा. डब्यातलं काही म्हणजे काही वाया जात नाही. तो मान डोलवत होता. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की त्याचं मनगट अजून तिच्याच हातात आहे. आणि त्यानंही ते सोडवून घेतलं नव्हतं.

मग ते सुरूच झालं. सवलत लागली की एकमेकांना निरोप, नवीन वर्षानंतर भाव आणखी उतरले तेव्हा तर दर पंधरवड्याला. कधी चार निघायच्या, कधी पाच. पाचवी निघाली की भांडण. तो म्हणायचा, तू घे, आणि मग त्या तंगडीकडे असा बघत बसायचा की तिच्या घशाखाली घास उतरू नये. ती अर्धी करून त्याच्या ताटात आदळायची. शिकला मात्र तो मन लावून. फडक्याची दुहेरी घडी घालून चरबी इतकी नितळ गाळायचा की मायलिसलाही तशी जमली नव्हती. भरलेली बरणी उजेडात धरून आधी तिच्याकडे बघायचा, मग बरणीकडे.

बघायचा, आणि बास. त्यापुढे काही नाही. चार महिने हा माणूस येतो, जेवतो, भांडी घासतो, जाताना दारात रेंगाळतो, मफलर एकदा बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो, “बरं... येतो,” म्हणतो आणि जिना उतरतो. मायलिस दार लावून कपाळावर हात मारून घ्यायची. तिनं स्वतः बोलायला काय हरकत होती? बोलली होती की. एकदा धीर करून म्हणाली होती, “गुल्वेन, मला तुला काहीतरी...” आणि तो म्हणाला होता, “पार्सलीची जुडी ना? ही घे.” त्यानंतर माणूस काय बोलणार?

मार्चमध्ये बाबांचा फोन आला. मायलिसचे बाबा तुलूझजवळच्या जेर्स भागात, खेड्यात राहत. आयुष्यभर बदकं पाळली आणि गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिल्यावर विकून टाकली. आता त्यांनी लेकीसाठी गावातल्या नोटरीच्या कचेरीत नोकरी बघितली होती. कायमची, पगार चांगला. तलावावरचं तिचं काम कंत्राटी, उन्हाळ्यानंतर असेल-नसेल. रविवारी जेवायला येतो, तेव्हा उत्तर दे, सोमवारी नोटरीला कळवायचंय, असं ते म्हणाले.

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे एक होतं, पण ते मफलर बांधून जिना उतरून जायचं.

शनिवारी गुल्वेन रविवारच्या जेवणाचा डबा उघडायला आला. लसूण सोलता सोलता तिनं त्याला सगळं सांगितलं, आणि सोलणं थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो डबा हातात धरून उभा होता.

“छान आहे,” तो म्हणाला. “कायमची नोकरी म्हणजे... छानच.”

छान. मायलिसला सुरी खाली ठेवावी लागली. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला, उद्या गाडी कुठे लावायची म्हणून, आणि ती आतल्या खोलीत गेली. परत आली तर तंगड्या ताटात, गुल्वेन सिंकपाशी, थंड पाण्याचा नळ धो-धो वाहतोय आणि डबा उपडा. सिंकच्या भोकाभोवती पांढरा थर धरलेला. पाणी खाली जायला तयार नव्हतं, उलट हळूहळू वर चढत होतं.

“गुल्वेन... चरबीचं काय केलंस?”

त्यानं हातातल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. हा आपल्या हातात कुणी दिला, असा त्याचा चेहरा.

मग मात्र ती सुटली. जुनी बरणी कालच खरवडून संपवली होती. बदकाच्या चरबीतले बटाटे नसतील तर बाबा समोरच्या बदकाकडे ढुंकून बघणार नाहीत. सबंध हिवाळा ज्याला घसा कोरडा करून शिकवलं त्यानं नेमकं आजच सगळं पाण्यात घालावं? तो सकाळी येऊन पाइप मोकळा करतो म्हणाला. तिनं दार लावून घेतलं आणि तिथेच उभी राहून रडली. चरबीसाठी कुणी एवढं रडत नाही, हे तिचं तिलाही कळत होतं.

रविवारी सकाळी तो बादली आणि पाना घेऊन आला, खाली मान घालून सिंकखाली शिरला. तिनं पाठ फिरवून ताटं पुसायला घेतली. बाबा मात्र सांगितल्या वेळेआधीच टपकले. हातात कोबीचा गड्डा, खांद्यावर लसणाची माळ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते थबकले, कारण सिंकखालून दोन लांब पाय बाहेर आले होते.

“हे कोण?”

“हा गुल्वेन,” मायलिस म्हणाली. “यानं काल डब्यातली सगळी चरबी सिंकमध्ये ओतली.”

बाबा स्टुलावर बसले. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसे. मग त्यांनी खाली वाकून विचारलं, “चरबी ठेवतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का हो?”

“ठाऊक होतं,” सिंकखालून आवाज आला.

“बाबा, चार महिने हाच गाळतोय. माझ्यापेक्षा चांगली गाळतो.”

“मग?” बाबांनी विचारलं.

पाना पाइपला घासल्याचा आवाज थांबला.

“मायलिस म्हणाली, ती गावी परत जाणार,” तो म्हणाला. “त्यानंतर हात काय करत होते... मला कळलंच नाही.”

मायलिसचा चेहरा तापला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि भिंतीकडे तोंड करून लसूण सोलायला घेतला.

ती जमिनीवर, त्या पायांच्या शेजारी बसली. “हे काल सांगायला काय झालं होतं तुला?”

“काल तू ओरडत होतीस.”

“आणि जानेवारीत? नाताळात?”

“नाताळात सांगणारच होतो. तुझ्या तोंडात बटाटा होता.”

“गुल्वेन.” ती आणखी जवळ सरकली. “आता माझ्या तोंडात काही नाही. मी ओरडतही नाहीये. बोल.”

तो घाईनं बाहेर निघाला, डोकं आपटून घेतलं, आणि चरबीनं बरबटलेले हात तिला लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लांब धरून बसला. चष्मा नाकावर तिरका झाला होता.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. मला हे नीट म्हणता येत नाही, पण... जाऊ नकोस, मायलिस.”

तिनं तो बुळबुळीत हात तसाच धरला, आपल्या गालावर टेकवला आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मूर्ख,” ती म्हणाली. “माझंही आहे. किती दिवस झाले... किती छळलंस रे.”

बऱ्याच वेळानं तिला बाबांची आठवण झाली. त्यांची पाठ अजून तशीच होती आणि लसूण सोलून कधीच संपला होता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “नोटरीला... नाही म्हणून कळवाल?”

“कळवतो.” त्यांनी लसणाची सालं गोळा केली. “तुझी खोली रंगवून घेतली होती मी. पिवळी. तुला आवडतो म्हणून.”

मायलिस उठून त्यांच्याजवळ गेली आणि मागून त्यांना मिठी मारली. चरबीचे हात त्यांच्या चांगल्या कोटाला लागले, तरी ते काही म्हणाले नाहीत. तिच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

“असू दे,” बाबा म्हणाले. “रंग काही उडून जात नाही. सुट्टी लागली की या. दोघंही या.”